प्राग नगरीचे दर्शन : पडलेली नावे आणि ठेवलेली नावे

मध्ययुगीन युरोपचे दर्शन घ्यावयाचे असेल तर प्रागला जावे, असे मार्गदर्शिकांतून आणि प्रवासवर्णनांतून नेहमी सांगितले जाते. हे विधान खोटे नाही. परंतु ज्या अर्थाने ते केले जाते त्या अर्थाने ते पुरतेपणी खरेही नाही. १९९३ पासून चेक प्रजासत्ताकाची राजधानी असलेल्या ह्या नगरीत प्रवासी ज्या वास्तूंकडे बोट दाखवून 'मध्ययुग' म्हणतो, त्यांतील कितीतरी वास्तूंचे दर्शनी रूप अलीकडचे आहे. किल्ल्यावरील संत व्हीटच्या महामंदिराचा पाया १३४४ मध्ये घातला गेला. पण त्याचे बांधकाम पूर्ण झाले ते १९२९ मध्ये, आणि पश्चिमेकडून प्रवेश करणाऱ्या माणसाला प्रथम दिसतात ते विसाव्या शतकात उभे राहिलेले मनोरे. 'बारूद-दरवाजा' ह्या नावाने ओळखला जाणारा वेशीचा बुरूज १४७५ मध्ये बांधावयास घेतला खरा. परंतु त्याच्या अंगावरील शिल्पांची गर्दी १८७५ ते १८८६ ह्या काळातील जीर्णोद्धाराची आहे. यान हुस ज्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात प्रवचने करीत असे, ते १७८६ मध्ये पाडण्यात आले. आज तेथे दिसते ती जुन्या भिंतींचे अवशेष पोटात घेऊन १९५० ते १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली इमारत.

मग प्रागमध्ये मध्ययुगीन असे नेमके काय उरले आहे? रस्त्यांची आखणी उरली आहे. पूल, मनोरे, तळघरे आणि काही सभागृहे उरली आहेत. आणि भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावे उरली आहेत. ही नावे रोज हजारो माणसांच्या तोंडी असतात आणि म्हणूनच ती कोणी ऐकत नाही. १९२६ मध्ये ह्याच नगरीत स्थापन झालेल्या प्राग भाषाशास्त्र मंडळाच्या अभ्यासकांनी भाषेच्या सरावाने यांत्रिक झालेल्या वापरासंबंधी व तो पुन्हा जाणिवेच्या पातळीवर आणणाऱ्या प्रक्रियेसंबंधी जो विचार मांडला, तो प्रामुख्याने काव्यभाषेला उद्देशून होता. तथापि रस्त्याच्या नावाइतका यांत्रिक झालेला शब्द दुसरा क्वचितच सापडेल.

ह्या नावांकडे पाहण्यास मराठीतील दोन साधे वाक्प्रयोग फार उपयोगी पडतात. मराठीत नाव 'पडते' आणि नाव 'ठेवले' जाते. पहिल्या क्रियेला कर्ता नाही. लोकांच्या बोलण्यातून ते आपोआप चिकटते. दुसऱ्या क्रियेला कर्ता आहे, हेतू आहे, आणि बहुधा तारीखही आहे. ('नावे ठेवणे' ह्याचा मराठीत जो आणखी एक अर्थ होतो, तोही पुढे अगदीच अप्रस्तुत वाटणार नाही.) प्रागमधील स्थलनामे ह्या दोन वर्गांत विभागता येतात, आणि चेक भाषेचे व्याकरण बहुधा वर्गाची खूणही देते. पडलेल्या नावात पुष्कळदा एखादे शब्दयोगी रूप असते: 'ना' म्हणजे वर, 'उ' म्हणजे जवळ, 'प्र्शेद' म्हणजे पुढे. नाव म्हणजे जणू वाट विचारणाऱ्याला दिलेले उत्तरच. ठेवलेल्या नावात मात्र बहुधा एखाद्या व्यक्तीचे नाव षष्ठीत किंवा स्वामित्वदर्शक विशेषणाच्या रूपात येते.

नगरीच्या नावापासूनच प्रारंभ करावा. आपण 'प्राग' म्हणतो ते जर्मन व इंग्रजी वळणाचे; चेक उच्चार 'प्राहा'. बाराव्या शतकाच्या आरंभी कोस्मास ह्या धर्मोपदेशकाने लिहिलेल्या बखरीत लिबुशे नावाच्या भविष्यवेत्त्या राणीची कथा आहे. अरण्यात घराचा उंबरठा घडविणारा माणूस जेथे भेटेल तेथे नगर वसवा, असे तिने सांगितले. चेक भाषेत उंबरठ्याला 'प्राह' म्हणतात, म्हणून नगर 'प्राहा'. ही व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती म्हणून बाजूला सारली जाते. परंतु नदीच्या पात्रातील उंबरठ्यासारखे खडक, म्हणजे उतारावरील खळाळ, हा अर्थ घेतला तर तोच शब्द अभ्यासकांनाही विचारार्ह वाटतो. दुसरा पक्ष भाजणे, करपणे ह्या अर्थाच्या 'प्राझित' ह्या धातूकडे बोट दाखवितो. जाळून मोकळी केलेली किंवा उन्हाने करपलेली टेकडी असा त्याचा आशय. ह्या वादाचा निर्णय लागलेला नाही. इ. स. ९६५ च्या सुमारास इब्राहिम इब्न याकूब हा स्पेनमधील ज्यू प्रवासी येथे आला. त्याच्या अरबी वृत्तान्तात हे दगड-चुन्याने बांधलेले मोठे व्यापारी नगर म्हणून येते, आणि अरबी लिपीत 'प' नसल्यामुळे नावाचे पहिले अक्षर तेव्हाच बदललेले दिसते.

नदीचे नाव तर अधिकच बोधप्रद आहे. चेक लोक तिला 'व्ल्तावा' म्हणतात, जर्मन 'मोल्डाउ'. एक स्लाव्ह आणि एक जर्मन असे हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः 'व्ल्तावा' हेच मुळात प्राचीन जर्मानिक आहे. 'रानटी पाणी' अशा अर्थाच्या संयुक्त शब्दापासून ते आले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. स्लाव्ह लोकांनी ते उचलले व आपल्या ध्वनिनियमांनी घडविले. पुढे मध्ययुगात आलेल्या जर्मन वसाहतकारांनी त्या चेक रूपावरून आपले 'मोल्डाउ' तयार केले. एकोणिसाव्या शतकात ही दोन नावे दोन राष्ट्रवादांची निशाणे बनली, तेव्हा प्रत्येक पक्षाच्या हातात जे निशाण होते ते मूळचे दुसऱ्याकडून आलेले होते.

नगरदर्शनाचा आरंभ वात्स्लाव्ह चौकापासून करणे सोयीचे पडते. चौक म्हटले तरी तो उतरत जाणारा लांबलचक रुंद रस्ताच आहे. सम्राट चौथ्या कार्लने १३४८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी विद्यापीठ स्थापन केले त्याच वर्षी, 'नोव्हे म्येस्तो' अर्थात 'नवे नगर' वसविले. त्यातील हा घोडेबाजार. साहजिकच त्याचे नाव 'कोन्स्की त्र्ह', घोड्यांचा बाजार, असे पडले आणि पाच शतके टिकले. १८४८ च्या क्रांतीच्या लाटेत कारेल हाव्लीचेक बोरोव्हस्की ह्या पत्रकाराच्या सूचनेवरून त्याला संत वात्स्लाव्हचे नाव ठेवले गेले. त्याच सुमारास गुरांचा बाजार 'कार्लचा चौक' झाला. १९१२ मध्ये चौकाच्या वरच्या टोकाला संत वात्स्लाव्हचा मीस्लबेकने घडविलेला अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. ह्यानंतर जे घडले ते कोणत्याही नगरपालिकेच्या ठरावात सापडणार नाही. प्रागचे लोक भेटीची जागा सांगताना 'उ कोन्ये', म्हणजे 'घोड्यापाशी', असे म्हणू लागले. संत मागे पडला आणि घोडा परत आला. बाजारातील घोड्यांची स्मृती ह्यामागे आहे असे म्हणता येणार नाही. परंतु वाट सांगणाऱ्या माणसाची भाषा पाचशे वर्षांनीही त्याच पद्धतीने चालते, एवढे खचित.

चौकाच्या खालच्या टोकाला 'ना मूस्त्कू', म्हणजे 'लहान पुलावर', नावाची छोटी गल्ली आहे. आणि तेथूनच उजवीकडे 'ना प्र्शीकोप्ये', म्हणजे 'खंदकावर', हा प्रशस्त हमरस्ता निघतो. पूलही दिसत नाही आणि खंदकही दिसत नाही. तेराव्या शतकात जुन्या नगराभोवती तट बांधला गेला व त्याबाहेर खंदक खणला गेला. १३४८ मध्ये नवे नगर वसल्यावर हा तट व खंदक नगराच्या पोटातच आले. पण ते तसेच राहिले, आणि दोन्ही नगरांतील लोक लहानशा पुलावरून ये-जा करीत. १७६० मध्ये खंदक बुजविण्यात आला. नावे मात्र बुजली नाहीत. विसाव्या शतकात भुयारी रेल्वेचे स्थानक खणताना त्या पुलाचे अवशेष खरोखरच हाती लागले. आता ते स्थानकाच्या दालनात पाहावयास मिळतात. नाव हा पुरावा मानावा की नाही, ह्याविषयी इतिहासाचे विद्यार्थी कधीकधी शंका घेतात. त्यांनी हे स्थानक अवश्य पाहावे.

ह्या 'खंदकावर'च्या रस्त्याला जर्मनमध्ये 'आम ग्राबेन' म्हणत. अर्थ तोच, केवळ भाषांतर. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या भाषांतराला वेगळेच वजन आले. रविवारी जर्मन भाषिक प्रतिष्ठित मंडळी 'ग्राबेन'वर फिरावयास जात, आणि चेक मंडळी राष्ट्रीय नाट्यगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. विद्यापीठही १८८२ मध्ये भाषेनुसार दोन झाले. १८९० च्या दशकात नगरपालिकेने रस्त्यांवरील द्विभाषिक पाट्या काढून केवळ चेक भाषेतील पाट्या लावल्या, त्यावरून मोठा कलह माजला. नाझी अमलात, १९३९ ते १९४५ ह्या काळात, जर्मन नावे पुन्हा आली; आणि १९४५ नंतर जर्मन विद्यापीठ बंद झाले व जर्मन भाषिकांना देशाबाहेर घालविण्यात आले. 'ग्राबेन'वरील जर्मन मंडळींच्या सभागृहाचे नाव तेव्हा 'स्लोव्हान्स्की दूम', म्हणजे 'स्लाव्हांचे घर', असे ठेवले गेले. ते आजही आहे. खंदक बुजविल्यानंतर त्याच्या जागी दुसराच एक खंदक पडला होता, असे म्हणण्याचा मोह येथे टाळणे कठीण जाते.

रस्त्याच्या शेवटी बारूद-दरवाजा. सतराव्या शतकात तेथे बंदुकीची दारू साठविली जाई, म्हणून हे नाव पडले. येथून राज्याभिषेकासाठी निघालेल्या राजांची मिरवणूक किल्ल्यापर्यंत जात असे. प्रवाशांना आज जो 'राजमार्ग' दाखविला जातो तो हाच. त्याचा पहिला टप्पा म्हणजे 'त्सेलेत्ना' गल्ली. 'त्साल्ता' नावाचा एक पेड घातलेला पाव असे. तो भाजणाऱ्यांची ही वस्ती. आजच्या सामान्य चेक माणसाला हा शब्द अपरिचित आहे, म्हणजे गल्लीचे नाव त्याच्यासाठी अर्थशून्य झाले आहे. जर्मनमध्ये तिला 'त्सेल्टनरगासे' म्हणत, आणि जर्मन माणसाला त्यात 'त्सेल्ट', म्हणजे तंबू, ऐकू येण्याचा संभव होता. खरी गोष्ट अशी की 'त्साल्ता' हा शब्दच मध्य उच्च जर्मनमधील 'त्सेल्टे' (चपटी भाकर) ह्यावरून चेकमध्ये आलेला आहे. भाकर गेली, भाजणारे गेले, आणि दोन भाषांच्या देवघेवीची खूण तेवढी पाटीवर राहिली. कासार आळी, तांबट आळी ह्या नावांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये.

त्या पाटीवरील पहिल्या अक्षराकडेही क्षणभर पाहणे योग्य होईल. चेक लेखनात साधा 'त्स' आणि तालव्य 'च' ह्यांसाठी मूळ रोमन अक्षर एकच आहे. तालव्य उच्चारासाठी त्याच्या डोक्यावर एक लहानसे चिन्ह देतात. मराठीत 'चाक' आणि 'चार' ह्यांतील दोन चकार भिन्न असूनही लेखनात सारखेच दिसतात. चेक लेखनाने तो भेद दाखविला. पूर्वी असे ध्वनी दोन-दोन अक्षरे जोडून लिहीत, जसे पोलिश भाषेत आजही लिहितात. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी एका लॅटिन ग्रंथात अक्षरावर टिंब देण्याची युक्ती सुचविली गेली, आणि त्या टिंबाचेच पुढे 'हाचेक', म्हणजे 'आकडी', झाले. हा ग्रंथ परंपरेने यान हुसच्या नावावर आहे. लोकांना त्यांच्या भाषेत धर्म सांगणारा आणि त्यासाठी १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळला गेलेला हा माणूस. त्याचे भव्य स्मारक १९१५ मध्ये जुन्या नगराच्या चौकात उभारले गेले. परंतु त्याच्या विचाराशी निगडित अशी खूण पाहावयाची तर ती चौकात येणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या पाटीवर आहे.

'त्सेलेत्ना' गल्ली ह्या चौकातच उघडते, आणि समोर सुमारे ऐंशी मीटर उंचीचे दोन काळे मनोरे दिसतात. ह्या मंदिराचे नाव 'तीनपुढील माउली'. येथील 'तीन' ह्या शब्दाचा मराठी संख्यावाचकाशी केवळ उच्चारसाम्याचा संबंध आहे. चेक भाषेत त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा. जर्मनमधील 'त्साउन' (कुंपण) आणि इंग्रजीतील 'टाउन' हे त्याचे भाऊबंद. मंदिरामागील आवारात परदेशी व्यापारी उतरत. तेथेच त्यांना माल उघडून जकात भरावी लागे, आणि त्या जकातीच्या जर्मन नावावरून त्या आवाराला 'उंगेल्ट' असेही नाव पडले. म्हणजे येशूच्या मातेचे हे मंदिर ओळखले जाते ते जकातीच्या आवारापुढचे म्हणून. पुण्याच्या पासोड्या विठोबाची येथे आठवण व्हावी.

चौकातील नगरभवनाच्या भिंतीवरील खगोलीय घड्याळासमोर दर तासाला गर्दी जमते ती प्रेषितांच्या बाहुल्या पाहण्यासाठी. बाहुल्या अर्थातच नव्या आहेत. मे १९४५ मध्ये नगरभवन जळाले तेव्हा जुन्या नष्ट झाल्या, आणि दुरुस्त झालेले घड्याळ १९४८ मध्ये पुन्हा चालू झाले. हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने केले व दुसरे तसे होऊ नये म्हणून त्याचे डोळे काढण्यात आले, अशी कथा फार रूढ होती. विसाव्या शतकात १४१० मधील एका लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आणि खरा कर्ता कादान्यचा मिकुलाश हा असल्याचे निश्चित झाले. त्याला गणिताची मदत यान शिंदेल ह्या विद्यापीठातील पंडिताची झाली असावी असे मानतात. घड्याळाचे खरे वैशिष्ट्य तबकडीत आहे. तिच्यावर दिवस एकाहून अधिक पद्धतींनी मोजला आहे. रोमन अंक आपल्या परिचयाची वेळ सांगतात. बाहेरच्या फिरत्या कड्यावर एकपासून चोवीसपर्यंत जे सोनेरी अंक आहेत, ते मूळ भारतीय अंकांचे अरबांमार्फत युरोपात पोचलेले मध्ययुगीन वळण दाखवितात. ते कडे जुनी चेक वेळ दर्शविते, आणि ह्या पद्धतीत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून कडेही सरकते. घटका सूर्योदयापासून मोजणाऱ्या परंपरेतील अभ्यासकाने येथे बाहुल्यांपेक्षा ह्या कड्याकडे अधिक वेळ पाहावे.

चौकाच्या उत्तरेस काही पावलांवर ज्यूंची जुनी वस्ती. तिचे 'योसेफोफ' हे नाव १८५० मधील, म्हणजे ठेवलेले. ज्यूंवरील निर्बंध सैल करणाऱ्या सम्राट दुसऱ्या योसेफच्या स्मरणार्थ ते दिले गेले. १८९३ च्या कायद्यान्वये आरोग्याच्या कारणास्तव ही वस्ती बहुतेक पाडली गेली, आणि काही सिनेगॉग, ज्यूंचे नगरभवन व दफनभूमी एवढेच राहिले. दफनभूमीतील सर्वांत जुनी शिला १४३९ ची आहे. नगरभवनावर हिब्रू अक्षरांचे एक घड्याळ असून त्याचे काटे उलटे फिरतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचली जाते, म्हणून.

ह्या वस्तीतील 'स्तारोनोवा', म्हणजे 'जुने-नवे', सिनेगॉग तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. युरोपात आजही उपासना चालू असलेल्या अतिप्राचीन सिनेगॉगांत त्याची गणना होते. प्रथम ते 'नवे' म्हणून ओळखले जाई. सोळाव्या शतकात आणखी नवी सिनेगॉग झाल्यावर ते 'जुने' झाले, पण 'नवे' हा शब्द नावातून जाईना. तेव्हा दोन्ही शब्द एकत्र राहिले. जर्मनमध्ये त्याला 'आल्टनॉय' म्हणत. आता ह्याच ध्वनींना हिब्रू कानांनी वेगळा अर्थ दिला: 'अल तनाई', म्हणजे 'अटीवर'. देवदूतांनी जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराचे दगड येथे आणून दिले, पण मंदिर पुन्हा उभारले जाईल तेव्हा ते परत करावयाचे ह्या अटीवर, अशी कथा त्यातून निर्माण झाली. लोकव्युत्पत्तीला भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बहुधा चूक म्हणून स्थान मिळते. परंतु जेथे आपण शतकानुशतके राहिलो तेथील आपले राहणे अटीवरचे आहे, ही एका समाजाची जाणीव दुसऱ्या कोणत्या साधनाने इतक्या थोडक्यात व्यक्त झाली असती?

ती अट कशी मोडली गेली हे जवळच्याच पिंकास सिनेगॉगमध्ये दिसते. तेथे भिंतींवर हातांनी लिहिलेली नावे आहेत. बोहेमिया व मोराव्हिया येथील नाझी संहारात मारल्या गेलेल्या जवळजवळ ८० हजार ज्यूंची. गावांनुसार मांडणी, मग आडनाव, नाव, जन्मतारीख, आणि ज्ञात असलेली शेवटची तारीख. १९५० च्या दशकात वात्स्लाव्ह बोश्तीक व यिर्शी योन ह्या चित्रकारांच्या योजनेनुसार ती लिहिली गेली. १९६८ नंतर ओल आणि दुरुस्ती ह्या कारणांनी इमारत बंद झाली, लेखन नष्ट झाले, आणि इमारत वर्षानुवर्षे बंदच राहिली. १९८९ मध्ये राजवट बदलली. १९९२ ते १९९६ ह्या काळात ती सर्व नावे पुन्हा एकेक करून लिहिली गेली. २००२ च्या महापुरात खालच्या ओळी भिजल्या, त्या परत लिहाव्या लागल्या. स्थलनामांच्या चर्चेत व्यक्तिनामांचा हा उल्लेख विषयांतर वाटेल. परंतु नाव जेथे लिहिले आहे ती जागा आणि नाव ज्याचे आहे तो माणूस, ह्या दोहोंपैकी दुसरा नाहीसा झाला असता पहिलीला काय अर्थ प्राप्त होतो, हा प्रश्न ह्या भिंतींसमोर टाळता येत नाही.

नदीवरील पूल सर्वपरिचित आहे. पूर्वीचा यूदिता राणीच्या नावाचा पूल १३४२ च्या पुराने मोडला. १३५७ मध्ये चौथ्या कार्लने नव्याचा पाया घातला. सोळा कमानी, सुमारे ५१६ मीटर लांबी. 'कार्लचा पूल' हे नाव मात्र १८७० पासूनचे. त्यापूर्वी पाच शतके तो 'दगडी पूल' किंवा 'प्रागचा पूल' एवढाच होता. दुसरा पूलच नसल्यामुळे विशेषनामाची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकात इतर पूल झाले तेव्हा ती भासली. पुलावरील पुतळे बहुतेक सतराव्या शतकाच्या अखेरचे व अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यांतील येशूच्या क्रूसाभोवती १६९६ मध्ये हिब्रू भाषेतील सोनेरी अक्षरे बसविली गेली. धर्मनिंदेसाठी दोषी ठरविलेल्या एका ज्यूकडून वसूल केलेल्या दंडाची ती अक्षरे, आणि स्तोत्रही ज्यूंच्याच प्रार्थनेतील. २००० मध्ये त्याखाली ह्या घटनेचा खुलासा करणाऱ्या पाट्या लावण्यात आल्या.

पलीकडची 'माला स्त्राना', म्हणजे 'लहान बाजू', १२५७ मध्ये ओताकार दुसरा ह्याने वसविली. ही मुळात 'किल्ल्याखालचे नवे नगर' होती. १३४८ मध्ये खरोखरच नवे नगर झाल्यावर तिचे 'नवे'पण गेले आणि ती 'धाकटे नगर' ठरली. ह्या नावांतील विशेषणे वस्तूचा गुण सांगत नाहीत, शेजाऱ्यांशी नाते सांगतात, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पावणेसातशे वर्षांच्या नगराला 'नवे' म्हणण्यात कोणाला वावगे का वाटत नाही ते कळते. चारही नगरे १७८४ मध्ये प्रशासनदृष्ट्या एक झाली. नावे चार ती चारच राहिली.

किल्ल्याकडे चढणारी 'नेरुदोवा' गल्ली पूर्वी रिकिबीत पाय ठेवणाऱ्या स्वाराच्या टाचेला लागणाऱ्या आरा करणाऱ्यांची, म्हणून 'ओस्त्रुहोवा'. यान नेरुदा हा लेखक येथील 'दोन सूर्यांपाशी' ह्या घरात वाढला व ह्याच वस्तीवर त्याने कथा लिहिल्या; तेव्हा हे ठेवलेले नाव तरी परके नव्हे. घरांना अशी नावे देण्याची चाल येथे चांगली टिकून आहे: दारावर कोरलेले तीन फिड्ल, तांबडा गरुड, आणि त्यावरून 'तीन फिड्लांपाशी', 'तांबड्या गरुडापाशी'. तीन फिड्लांच्या घरात खरोखरच वाद्ये करणारे कुटुंब राहत होते; पण दोन सूर्यांचा किंवा गरुडाचा मालकाच्या धंद्याशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. चिन्ह शेजारच्या घराहून वेगळे असले म्हणजे पुरे. घटकाचे मूल्य त्याच्या भेदकतेत असते, हे तत्त्व प्रागच्या मंडळाने ध्वनींच्या बाबतीत सांगितले. गल्लीतील घरे ते आधीपासूनच पाळीत होती. १७७० मध्ये मारिया तेरेसाच्या शासनाने सैन्यभरतीसाठी घरांना अनुक्रमांक दिले. शेजाऱ्याला चिन्ह पुरे होते. क्रमांक हवा होता तो बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्याला.

ह्याचा दाखला ऑगस्ट १९६८ मध्ये उलट बाजूने मिळाला. सोव्हिएत संघ व त्याच्या मित्रराष्ट्रांचे सैन्य २१ ऑगस्टला प्रागमध्ये घुसले, तेव्हा नागरिकांनी रस्त्यांच्या पाट्या उतरविल्या, मार्गदर्शक फलक रंगाने पुसले. सैनिकांजवळ पत्ते होते; नगरीत ते पत्ते लागेनासे झाले. येथे राहणाऱ्यांना पाटीवाचून काहीच अडले नाही. पुढे जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख ह्या विद्यार्थ्याने निषेधार्थ आत्मदहन केले. तो ज्या विद्याशाखेत शिकत होता तिच्यासमोरील चौकाचे अधिकृत नाव लाल सैनिकांवरून होते. लोकांनी तेव्हाच तेथे पालाखचे नाव लावले. पाटी काढली गेली, आणि १९८९ च्या क्रांतीनंतर अधिकृतपणे परत आली. मागे सांगितलेले दोन वर्ग येथे एकमेकांत मिसळतात: व्यक्तीचे नाव, षष्ठीचे रूप, आणि तरीही शासनाने ठेवण्यापूर्वी लोकांच्या तोंडी पडलेले. ह्याउलट व्हिनोह्रादी भागातील एका मोठ्या रस्त्याला अर्ध्या शतकात फॉश, श्वेरिन आणि स्टालिन अशी सेनानी व सत्ताधीशांची नावे मिळाली. १९६२ पासून तो वस्तीच्याच नावाने ओळखला जातो.

चढ संपतो तो 'ह्रादचानी'त. 'ह्राद' म्हणजे किल्ला; हे रूप मुळात माणसांचे अनेकवचन आहे, 'किल्ल्यापाशी राहणारे'. वस्तीचे नाव आणि वस्तीतील लोकांचे नाव एकच, अशी ही स्लाव्ह भाषांतील जुनी रीत. किल्ल्याच्या आवारात शिरताच महामंदिर समोर येते. आरासच्या मॅथ्यूने ते आरंभिले, त्याच्या मृत्यूनंतर पेटर पार्लरने पूर्वेकडील भाग उभा केला, आणि मग काम शतकानुशतके थांबले. दक्षिणेकडील सोनेरी दरवाजावरील काचतुकड्यांचे चित्र १३७० च्या सुमाराचे आहे. त्याच्या डावीकडे वळले की एकोणिसाव्या शतकातील दगड सुरू होतो, आणि रंगातील फरक पारखी डोळ्यांना कळतो. १९९७ पासून ह्या मंदिराचे अधिकृत नाव 'संत व्हीट, वात्स्लाव्ह आणि व्होइत्येख ह्यांचे महामंदिर' असे आहे. प्रागमध्ये त्याला 'संत व्हीट' म्हणतात.